शाईनं लिहिलेला गुरुवार

शब्दकोश कपाटातून काढताना अण्णांनी त्याची पानं अंगठ्यानं घट्ट दाबून धरली. तसं केलं नसतं तर मधोमध ठेवलेलं पत्र घसरून सुनेच्या पायाशी पडलं असतं, आणि मग हे कुणाचं, कधीचं, उत्तर पाठवलं का, अशी विचारपूस सुरू झाली असती. उत्तर पाठवलं नव्हतं. थंडी सुरू होताना आलेलं पत्र थंडी सरत आली तरी तिथंच होतं, आणि ज्या दिवशी ते तिथं ठेवलं त्या दिवसापासून अण्णा शब्दकोश जरा जपूनच हाताळत होते.

“शब्दकोश नकोय मला, अण्णा,” सून म्हणाली. “शब्द येतात. बोलणारं माणूस हवंय.”

“कुणाशी बोलणारं?”

“माझ्याशी. इंग्रजीत. तेही फोनवर.”

अण्णांनी शब्दकोश होता तसा परत ठेवला आणि कपाटाचं दार लावलं. दार लावायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट त्यांनी लावला.

सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मागच्या खोलीत अवजारं धुवायची, उकळायची, ट्रेमध्ये ओळीनं मांडायची, असं काम. दवाखाना नावाजलेला, पेशंट ठिकठिकाणांहून आलेले, आणि त्यांचे सगळे फोन इंग्रजीत. पुढच्या टेबलावर बसून हे फोन घेणारी मुलगी दुसऱ्या गावी निघाली होती. डॉक्टरबाईंनी सुनेला सांगितलं होतं, “महिनाअखेरीला मी शेजारी बसून तुझे फोन ऐकेन. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर बाहेरून कुणीतरी आणेन. तू आहेस तिथं आहेसच.”

“ते ‘आहेस तिथं आहेसच’ मला नकोय, अण्णा,” सून म्हणाली. तिच्या बोटांची टोकं सतत पाण्यात राहून सुरकुतलेली होती. ती तिनं पदराआड नेली नाहीत, तशीच टेबलावर ठेवली. “तुम्ही एवढी जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचता.”

“वाचतो. बोललोय कुठे कधी?”

“इंग्रजीत कशाला, कुठल्याच भाषेत कुठे बोललेत?” स्वयंपाकघरातून अण्णांच्या बायकोचा आवाज आला. “आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा ‘पाणी’ एवढा एकच शब्द बोलले. मला वाटलं, तहानलेला माणूस आहे, पाणी प्यायला की बोलेल.”

“मग?” सुनेनं विचारलं.

“मग काय, अजून वाट बघतेय.”

अण्णा हसले, पण मान खाली घालून. बायकोचं बोलणं तसं खोटं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांना क्रमांक घालण्यात काढली होती. तिथं बोलायचं कुणाशी? इंग्रजी शब्द त्यांना समोरच्या खिडकीतल्या शेजाऱ्यांसारखे होते. रोज दिसायचे, चेहरेपट्टी पाठ, कोण कुणाचा कोण तेही ठाऊक, पण आजवर एकाशीही ‘काय, कसं काय’ झालेलं नव्हतं.

पत्राचंही दुखणं तेच होतं. लांबच्या शहरात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा एक म्हातारा होता. फार पूर्वी अण्णांनी त्याच्याकडून टपालानं एक पुस्तक मागवलं, त्यानं पुस्तकासोबत चार ओळींची चिठ्ठी घातली, ह्यांनी सहा ओळींनी आभार मानले, आणि तेव्हापासून वर्षानुवर्षं दोघांची इंग्रजीत पत्रं चालली होती. अण्णा आधी पेन्सिलनं मसुदा करत, शब्दकोशाशी ताडून पाहत, मग शाईनं पक्कं लिहीत. पत्रातला माणूस त्यामुळे मोठा हजरजबाबी झाला होता. शेवटच्या पत्रात दुकानदारानं लिहिलं होतं, की दुकान बंद करतोय, उन्हाळा लागला की कायमचा मुलीकडे राहायला जाणार, वाटेत तुमचं गाव लागतं. ‘कुठला दिवस आणि कुठली वेळ तुम्हाला सोयीची, तेवढं कळवा. गाडीतून उतरेन, तुमच्याकडे चहा घेईन, पुढची गाडी पकडेन. इतकी वर्षं तुमचं लिहिणं वाचलं, आता एकदा बोलणं ऐकायचं आहे.’

त्या शेवटच्या ओळीनंच घात केला होता. बोलणं ऐकायला कुणी गाडीतून उतरून आलं, आणि समोर एक घसा खाकरणारा माणूस बसलेला दिसला, तर? बिचाऱ्याची फसगत नाही का व्हायची?

“अण्णा,” सून म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाकडे जाऊ?”

“नाही कुठे म्हणालो,” अण्णा म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी समोरासमोर बसून पाहिलं. मुलगा रात्रपाळीला गेला की घर शांत व्हायचं, तीच वेळ ठरली. सुनेपुढे एक वही, पेन्सिल आणि नवं कोरं खोडरबर. दवाखान्यात होतं तसंच सगळं मांडलेलं. डॉक्टरबाईंचा एक नियम होता, तो तिनं अण्णांना समजावून सांगितला. फोनवर ठरलेली वेळ पेन्सिलनं लिहायची. पेशंट दारातून प्रत्यक्ष आत आला, की मगच तिच्यावर शाई फिरवायची. बोललेली वेळ पेन्सिलीची, आलेला माणूस शाईचा.

“आता तुम्ही पेशंट,” ती म्हणाली. “गुड मॉर्निंग. डेंटल क्लिनिक. हाऊ मे आय हेल्प यू?”

अण्णांचे कान लाल झाले. वाक्य त्यांच्या डोक्यात छापल्यासारखं तयार होतं, अगदी स्वल्पविरामासकट. ते गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच बसलं.

“दात दुखतोय म्हणा ना,” बायको आतून म्हणाली. “खरंच दुखतोय तर! महिना झाला, एका बाजूनं चावताय.”

“तू मध्ये बोलू नकोस गं.”

“बघ, आपल्या भाषेत कसं पटकन आलं.”

तोड सुनेनंच काढली. तिनं अण्णांच्या हातात मुलाचा जुना मोबाइल दिला आणि त्यांना मागच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडे नेऊन उभं केलं. दार लोटून घेतलं. मग अण्णांनी मोबाइलवरून तिचा नंबर लावला. त्यांच्या कानाशी आवाज आला. खरं तर आवाज दोनदा आला. एकदा दारातून, सुनेचा. आणि क्षणभरानं फोनमधून, कुणा अनोळखी बाईचा. अण्णांनी दाराकडे पाठ फिरवली, समोरच्या ओल्या चादरीकडे पाहिलं आणि स्वतःलाच चकित करत जाड्याभरड्या आवाजात म्हणाले, की मी बोटीवरचा निवृत्त कप्तान आहे, माझी अक्कलदाढ ह्या वयात यायला लागलीय आणि मला अपॉइंटमेंट हवीय.

आत स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कप्तान फोन करू लागला. मग कप्तानाच्या पाठोपाठ इतरही आले. कवळी सैल झालेली एक विधवा बाई, जिला बुधवार अशुभ वाटायचा. पियानो शिकवणारे एक मास्तर, ज्यांचा ‘र’ तुटलेल्या दातातून निसटायचा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पुढचा दात मोडून घेतलेला नवरदेव. स्वतः म्हणून अण्णांना एक वाक्य बोलवत नव्हतं, पण ह्या माणसांच्या आड उभं राहिलं की वाक्यं आपोआप यायची. उच्चार पुस्तकी असायचे, मध्येमध्ये ते थांबायचे, पण कप्तान थांबला तर तो पाइप ओढतोय असं सुनेनं समजायचं, असं ठरलं होतं.

सुनेचंही बोलणं सुटत गेलं. पहिल्यांदा ती इंग्रजीच्या एका वर्गातून आणलेल्या पुस्तिकेतली वाक्यं ओळीनं म्हणायची. कुठला दिवस सोयीचा, सकाळ की दुपार, नाव कसं लिहायचं, नंबर पुन्हा सांगता का. मग ती पुस्तिका बाजूला ठेवू लागली. आकडे ऐकताना गडबडायची, म्हणून पियानोमास्तर मुद्दाम आपला नंबर भरभर सांगायचे आणि तिनं न घाबरता पुन्हा विचारलं की खूश व्हायचे.

एकदा कप्तानानं ठरलेली वेळ रद्द करायला फोन केला. पुस्तिकेत अशा वेळी काय विचारायचं ते लिहिलेलं होतं. सुनेनं विचारलं, “मे आय नो द रीझन, सर?”

कप्तानानं फोन ठेवून दिला.

सून बाल्कनीत आली. “काय झालं? चुकलं का काही?”

“चुकलं नाही,” अण्णा चादरीकडे पाहत म्हणाले. “व्याकरण बरोबर होतं. पण कारण विचारू नये.”

“का? पुस्तकात आहे.”

अण्णांनी चादरीचा चिमटा काढला, पुन्हा लावला. “कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो. आणि एकदा खोटं बोलला, की त्याला परत फोन करायची लाज वाटते. मग तो येतच नाही.”

सुनेनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “मग काय म्हणायचं?”

“दुसरा दिवस द्यायचा. बस.”

तिनं ते वाक्य स्वतःच जुळवलं आणि चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. हरकत नाही, सर. आपण दुसरा दिवस पाहू या का? ‘इट्स ऑलराइट, सर. शॅल वी लुक फॉर अनदर डे?’ दोन्ही वाक्यांच्या मध्ये ती थोडं थांबायची, आणि ते थांबणं अण्णांना फार आवडलं.

महिना संपायला आठवडा उरला असताना एका संध्याकाळी सून वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली. तिच्या बोटांत खोडरबराचा तुकडा होता, चघळून उरलेल्या गोळीएवढा.

“आई, दुसरं खोडरबर आहे का घरात?”

“अगं, नवीन आणलं होतंस ना? खाल्लंस की काय?”

“मी नाही खाल्लं. अण्णांच्या पेशंटांनी खाल्लं.” तिनं वही अण्णांपुढे सरकवली. पानापानावर खोडून खोडून कागदाला लव आली होती. “अण्णा, कप्तान आला नाही. ती विधवा बाई आली नाही. नवरदेवाचं लग्न होऊन गेलं असेल, मोडक्या दातानिशी. रोज वेळ घेतात आणि दुसऱ्या दिवशी रद्द करतात. शाई करायला एकसुद्धा माणूस नाही मला! तुमचा एक तरी पेशंट येऊ द्या ना.”

अण्णांनी वहीवरून बोट फिरवलं. त्यांच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं. प्रत्येकाची सबब त्यांनी इतक्या आवडीनं रचली होती, विधवेच्या बहिणीचं आजारपण, मास्तरांच्या शिष्याची परीक्षा, कप्तानाचं वादळ. सबबी सुचायला त्यांना कधी वेळच लागला नव्हता.

“येतील की,” ते पुटपुटले.

“आज,” सून म्हणाली. “आज एकजण येणार. मला ‘वुई विल सी यू देन’ म्हणायचंय. ते मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.”

त्या संध्याकाळी शिंप्यानं फोन केला. शिंपी साधा माणूस होता, त्याला वादळं माहीत नव्हती. त्याचा मागचा दात दुखत होता आणि तो एका बाजूनं चावत होता. सुनेनं त्याला गुरुवार दिला, दुपारी चार. मग विचारलं, “विल यू बी एबल टू कम, सर?”

अण्णा बाल्कनीत उभे होते. आज दोरीवर कपडे नव्हते. समोरच्या खिडकीत कुणीतरी दिवा लावला. ‘यस’ हा शब्द इंग्रजीतला किती लहान शब्द आहे, हे त्यांना माहीत होतं. तो दाराआडून ऐकू येण्याइतक्या जवळ बसलेल्या सुनेला सांगायचा होता, खोट्या शिंप्यानं, खोट्या दवाखान्याला. तरी तो येईना. फोनमध्ये त्यांचा स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

सून थांबली. तिनं ‘हॅलो, हॅलो’ केलं नाही, दार उघडलं नाही. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, आधी दारातून, मग कानात.

“इट्स ऑलराइट, सर. शॅल वी लुक फॉर अनदर डे?”

“थँक यू,” शिंपी म्हणाला आणि अण्णांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर गेल्यावर त्यांनी शब्दकोश काढला, पत्र उघडलं, दुकानदाराचं तिरकं अक्षर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. ‘कुठला दिवस आणि कुठली वेळ तुम्हाला सोयीची.’ महिनाभर सून त्यांना रोज हेच तर विचारत होती. उन्हाळा फार लांब नव्हता. त्यांनी पेन्सिल घेतली, कागद घेतला, तारीख घातली. मग इतक्या महिन्यांच्या गप्प बसण्याचं कारण लिहायला घेतलं. पहिलं कारण आजारपणाचं होतं. ते त्यांनी खोडलं. दुसरं टपाल हरवल्याचं. तेही खोडलं. कागदाला लव आली तेव्हा त्यांनी तो चुरगाळला आणि पत्र जागच्या जागी ठेवून दिलं.

महिनाअखेरीला सून नेहमीपेक्षा उशिरा घरी आली. चपला काढून, हात धुऊन, ती खुर्चीत बसली. सासूनं तिच्यापुढे चहा ठेवला आणि काही न विचारता समोर बसून राहिली. अण्णा पुस्तक वाचत होते, म्हणजे पुस्तक उघडं होतं.

“डॉक्टरबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या,” सून म्हणाली. “माझे हात असे गार. पहिले दोन फोन साधे होते. तिसरा एक माणूस. वेळ रद्द करायला. आवाज असा कापत होता, अण्णा. मला वाटलं, हा तर आपलाच कुणीतरी. मी कारण विचारलं नाही. म्हटलं, हरकत नाही, दुसरा दिवस पाहू या का? तो गप्प. मीही गप्प. डॉक्टरबाई माझ्याकडे बघतायत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो म्हणाला, सोमवारी चालेल का?”

“मग?” अण्णांनी पुस्तक मिटलं.

“फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, कारण का नाही विचारलंस? मी सांगितलं, विचारलं की माणूस खोटं बोलतो आणि मग लाजेनं परत येत नाही. त्या म्हणाल्या, हा माणूस चौथ्यांदा रद्द करतोय, पण पुढचा दिवस त्यानं कधी मागितला नव्हता. हे तुला कुणी शिकवलं?”

“तू काय म्हणालीस?” सासूनं विचारलं.

“म्हटलं, आमच्याकडे एक कप्तान असतात.”

सासू पदर तोंडाला लावून हसली. “आणि खुर्ची?”

“उद्यापासून.” असं म्हणून सुनेनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि मग मात्र तिला रडू आलं, थोडंसंच, चहा सांडणार नाही इतपत.

“सोमवारी तो आला तर सांग हं,” अण्णा म्हणाले.

सोमवारी तो आला. संध्याकाळी सुनेनं दारातूनच सांगितलं, “अण्णा, शाई!” आणि बोटावरचा निळा डाग दाखवला. पाण्यानं सुरकुतलेली बोटं आता भरून येत होती.

त्या रात्री जेवताना अण्णांचा घास नेहमीच्या नव्हे त्या बाजूला गेला आणि ते डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले. बायकोनं ते पाहिलं. भाजी त्यांच्या ताटात जरा मऊ शिजलेली वाढली.

मंगळवारी सकाळी अण्णा फोन घेऊन बाल्कनीत गेले. बाल्कनीत जायची काही गरज नव्हती, घरात कुणी ऐकणारं नव्हतं. मुलगा झोपला होता आणि बायको खाली गेली होती. पण पाय तिकडेच वळले. दोरीवर त्यांचेच दोन सदरे वाळत होते. त्यांनी नंबर लावला.

“गुड मॉर्निंग. डेंटल क्लिनिक. हाऊ मे आय हेल्प यू?”

आवाज एकदाच आला. दारातून आला नाही, फक्त कानात. अण्णांना क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. मागे कुठल्याशा यंत्राची घरघर, कुणाचं तरी खोकणं, दाराची घंटी. खरा दवाखाना.

“गुड मॉर्निंग,” ते म्हणाले. आवाज जाड केला नाही. कप्तान आला नाही, शिंपी आला नाही. “माय टूथ इज हर्टिंग. फॉर अ लाँग टाइम.”

पलीकडे अगदी थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तोच आवाज, तितकाच शांत, कुठलीही ओळख न दाखवता म्हणाला, “आय ॲम सॉरी टू हिअर दॅट, सर. व्हिच डे वुड सूट यू?”

“थर्सडे,” अण्णा म्हणाले. “ॲट फोर.”

“थर्सडे ॲट फोर.” कागदावर पेन्सिल टेकल्याचा आवाज त्यांना ऐकू आला, की तसं वाटलं.

पुढचा प्रश्न यायच्या आधीच ते म्हणाले, “आय विल कम.”

पेन्सिल थांबली.

“सर,” सून म्हणाली. आवाज तसाच कामाचा होता, पण सावकाश झाला होता. “पेन्सिल ऑर इंक?”

अण्णांनी समोरच्या सदऱ्याची बाही नीट केली. “इंक,” ते म्हणाले. “प्लीज.”

“इट इज अगेन्स्ट द रूल, सर,” ती म्हणाली. “बट आय विल राइट इट. वुई विल सी यू देन.”

त्यानंतर ते पत्र लिहायला बसले. पेन्सिल घेतली नाही. शब्दकोश टेबलावर होता, पण त्यातून फक्त दुकानदाराचं पत्र बाहेर काढलं आणि तो मिटून ठेवला. पत्र चार वाक्यांच्या पलीकडे गेलं नाही. त्यांनी लिहिलं, की पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार, दुपारी चार, ही वेळ मला सोयीची आहे. तुम्हाला जमत नसेल तर आपण दुसरा दिवस पाहू, कारण कळवायची गरज नाही. मी हळू बोलतो आणि मध्येच थांबतो. चहा माझी बायको करते, तो चांगला असतो. खाली आजवर कधीही लिहिला नव्हता तो घरचा फोन नंबर लिहिला. उशिराचं कारण त्यांनी लिहिलं नाही. एका शब्दावर शाई थोडी फुटली होती. पुन्हा नीट लिहून काढायचा मोह झाला, पण तो कागद तसाच घडी करून पाकिटात घातला.

दुकानदार आधीच निघून गेला असेल तर, हा विचार आला. आला, बसला, आणि पाकीट चिकटवेपर्यंत बसून राहिला.

गुरुवारी दुपारी ते वाळलेल्या सदऱ्यांतला एक घालून निघाले. पाकीट खिशात होतं, पण त्यावर तिकीट नव्हतं. वाटेत टपाल कचेरीत रांग लागली तर चारची वेळ चुकणार. ते चपला घालता घालता दाराशी घुटमळले.

“घड्याळाखाली बघा,” बायको आतून म्हणाली.

“काय?”

“तिकिटं. घड्याळाखाली ठेवलीत.”

भिंतीवरच्या फळीवर घड्याळ होतं. त्यांनी ते उचललं. खाली तिकिटांची एक पट्टी होती, लांबच्या टपालाला लागतात ती. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर धुळीची बारीक रेघ बसली होती, बाकीची तिकिटं मात्र घड्याळाच्या आड स्वच्छ राहिली होती.

“कधी आणलीस?”

“पत्र आलं त्याच आठवड्यात.”

अण्णा घड्याळ हातात धरून उभे राहिले. “तुला ठाऊक होतं?”

“घरात येणारं टपाल माझ्याच हातून येतं ना? आणि तुम्ही शब्दकोश असा छातीशी धरून फिरता, जसं काही त्यातून मांजर पळून जाणार आहे.” ती पदराला हात पुसत दारात आली. तिकिटं त्यांच्या हातून घेतली, पाकिटावर नीट कोपऱ्यात लावली आणि अंगठ्यानं दाबली.

“मग इतके महिने एकदा तरी विचारायचंस.”

“कसं विचारणार?” ती म्हणाली. “कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो म्हणे. असं बाल्कनीतला एक कप्तान सांगत होता. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं मला.” मग त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ करत म्हणाली, “निघा. चार वाजता पोचायचंय. सुनेनं शाईनं लिहिलंय म्हणे.”

टपालपेटी दवाखान्याच्या समोरच्या कोपऱ्यावर होती. काचेच्या दारातून पुढच्या टेबलाशी बसलेली सून दिसत होती, फोन कानाला, मान जराशी कलती. तिनं अजून त्यांना पाहिलं नव्हतं. अण्णांनी पाकीट बाहेर काढलं, पत्ता वाचला, पुन्हा एकदा वाचला. वाक्य गळ्याशी येऊन बसावं तसं पाकीट फटीच्या तोंडाशी थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी बोटं सोडली.

पेटी रिकामी असावी. पत्र तळाशी पडल्याचा आवाज आला, एकदाच.